राखणदार चुकला तेव्हा

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधताना गाठी मी मारायच्या, हे आमच्या घरात ठरून गेले होते. तसे हे पुरुषांचे काम. पण माझे वडील मांडवीवर होडी चालवायचे. भिजल्यावर आणखी घट्ट बसणारी आणि तरी एका झटक्यात सुटणारी गाठ त्यांनी मला शाळेत जायच्या आधीच शिकवली होती. लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या या घरात आले, पहिल्याच चवथीला सासऱ्यांनी ती गाठ पाहिली आणि केवणीचा दोर माझ्या हातात दिला तो कायमचा. नारळाची पेंड, सुपारीचे शिंपटे, आंबाडे, तोरिंग, कांगलां, घागऱ्या, माट्ट्या, रानातून जो जे आणील ते सगळे गणपतीच्या डोक्यावर टांगायचे. पेंड निसटून मूर्तीवर पडली तर, या भीतीने सासूबाई दर वर्षी खाली हात जोडून उभ्या राहत. माझ्या गाठी आल्यावर त्यांनी ते सोडले.

२०१२च्या चवथीला मला गाठ मारता आली नाही.

दोर हातात धरता येत होता. आवळायला गेले की बोटांच्या मुळाशी काच भरल्यासारखे व्हायचे. पावसाळा आहे, सर्दावले असेन, म्हणून सोडून दिले. पण चवथ सरली, दिवाळी आली, तरी सकाळी नऊपर्यंत मूठ वळेना. सकाळी पोदेराचा पोंपों वाजला की मी पाव घ्यायला जायचे आणि सुटे पैसे त्याच्यापुढे सांडायचे. तो बिचारा वाकून गोळा करायचा आणि मी हसून साजरे करायचे. अंबाडा घालता येईना म्हणून केस कापले. शेजारणींना वाटले, फॅशन.

पुढचे आठ महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण हा आजार असलेल्या प्रत्येकीकडे ही गोष्ट थोड्याफार फरकाने असतेच. एका डॉक्टरांनी चिकुनगुनिया सांगितला. दुसऱ्यांनी युरिक ॲसिड म्हणून मासे बंद केले. गोव्यात राहून सहा आठवडे मासे बंद! दुखणे होते तिथेच राहिले, वर तोंडाची चव गेली. सासूबाईंचे म्हणणे होते की वात आहे, आणि त्यांनी देवळात कौलही लावून घेतला. शेवटी एका डॉक्टरांनी माझ्या बोटांची पेरे एकेक दाबून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला: "सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?" तोपर्यंत हे कोणी विचारलेच नव्हते. रक्तात अँटी-सीसीपी नावाची, या आजाराची खूण असलेली प्रतिपिंडे निघाली. आजाराला नाव मिळाले, संधिवाताभ, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. घरात मात्र आम्ही त्याला आरए म्हणतो.

घरी येऊन सासूबाईंना समजावून सांगायचे होते. आमच्या घरात बोलणे कोंकणीत, वाचणे मराठीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा भाषांतर करून सांगावी लागते. मी म्हटले, रोगजंतू आले की अंगावर धावून जाणारी एक फौज शरीरात असते, माझी फौज माझ्याच सांध्यांवर धावून जातेय. त्यांनी विड्याचे पान पुसता पुसता विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे राखणदार चुकलो."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतो. देव म्हणा, देवचार म्हणा. खांद्यावर कांबळ, हातात काठी. रात्री तो गावाला फेरी घालतो, त्याच्या काठीचा आवाज ऐकलेली माणसे प्रत्येक वाड्यावर सापडतात. त्याला रोट देतात, विडी देतात. परका माणूस अपरात्री वेशीत शिरला तर तो वाट चुकवतो, आणि गावचे मूल रानात हरवले तर तोच घरापर्यंत आणून सोडतो. आता असा राखणदार चुकला, घरच्याच माणसावर त्याने काठी उगारली, तर करायचे काय? त्याला हाकलून देता येत नाही. तो गेला तर वेस उघडी पडते.

सगळी अडचण त्या एका वाक्यात आहे, हे मला फार उशिरा कळले. गेली तेरा वर्षे मी जी औषधे घेतेय ती सगळी राखणदाराची काठी हिसकावून घेणारी आहेत.

पहिली मेथोट्रेक्झेट. तिच्या वेष्टनातला कागद मी वाचला आणि रात्रभर झोपले नाही, कारण त्यात कर्करोगाची नावे होती. नंतर वाचनात आले की हे औषध ज्या प्रयोगशाळेत घडले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले एल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १८९५ साली भीमावरमला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत गेला, आणि १९४८ साली तिथेच वारला. रक्ताच्या कर्करोगासाठी घडवलेले रेणू अगदी लहान मात्रेत, आठवड्यातून एकदाच दिले तर सांधे शांत होतात, याला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली १९८८ साली, म्हणजे ते गेल्यावर चाळीस वर्षांनी. हे वाचून भीती संपली असे नाही. पण गोळी ओळखीची वाटू लागली. माझी गोळी सोमवारी असते. कॅलेंडरवर सोमवारला लाल गोल करते, कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते. ही गोळी नवीन सुरू झालेल्या प्रत्येकीला मी आधी हे सांगते, बाकीचे नंतर.

काही वर्षांनी नुसत्या गोळीवर भागेना. मग इंजेक्शन आले, सांध्यांत दाह पेटवणाऱ्या टीएनएफ नावाच्या द्रव्याला अडवणारे. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली अशा औषधाची पहिली चाचणी रुग्णांवर घेतली. त्याआधी कोणाला वाटत नव्हते की इतक्या द्रव्यांच्या गर्दीतले एकच अडवून काही फरक पडेल. पडला. माझ्याही हातांना पडला. पण इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी टीबीची तपासणी करायला सांगितली आणि माझ्या छातीत कधीकाळी शिरून झोपलेला टीबी सापडला. आपल्या देशात हे अनेकांचे असते. त्या जंतूंभोवती शरीराने जी भिंत घातलेली असते ती उभी राहायला हाच टीएनएफ लागतो. काठी काढून घेतली की भिंतीमागचा चोर जागा होतो. म्हणून आधी टीबीची औषधे, मग इंजेक्शन. सासूबाई म्हणाल्या, "पळय, हांवें सांगलेंच." त्यांनी काय सांगितले होते ते मला आठवत नाही, पण त्यांचे बरोबर होते.

हे सगळे मी स्वतःपुरते निभावून नेले. आशा वगैरे शब्द तोपर्यंत माझ्या डोक्यात फारसे नव्हते. सकाळी हात किती वाजता मोकळे होतात, एवढेच माझे माप. नऊचे साडेसात झाले, पावणेसात झाले. मला पुरे होते. माझ्या बहिणीच्या मुलीला ल्युपस झाला, राखणदार चुकण्याचाच दुसरा आजार, तेव्हा ते पुरेना.

सई तेव्हा सतरा वर्षांची. उन्हातून आली की दोन्ही गालांवर नाकावरून जाणारा लाल पट्टा यायचा. आधी सगळ्यांना सनस्क्रीनची ॲलर्जी वाटली. मग केस गळू लागले, पाय सुजले, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. बांबोळीच्या ओपीडीत बाकावर बसून आम्ही वाट पाहत होतो. तिने फोनवर शोधले आणि मला विचारले, "मावशी, हा जास्त करून बायकांनाच का गो होतो?" दर दहा रुग्णांत नऊ बायका. मी उत्तर देऊ शकले नाही. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२४च्या सुरुवातीला, अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक धागा पुढे आणला. बायकांच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यातले एक गप्प बसवण्यासाठी झिस्ट नावाचा आरएनए त्याच्याभोवती गुंडाळला जातो, आणि त्या गुंडाळीला चिकटलेली प्रथिनेच राखणदाराला परकी वाटू शकतात. तो लेख मी तिला पाठवला. तिने उत्तर दिले, "म्हणजे माझी चूक नव्हती." उन्हात हिंडली, नीट जेवली नाही, अभ्यासाचा ताण घेतला, असे सहा वर्षे सगळे तिला सुनावत होते. त्यात मीही होते.

तिला स्टिरॉइड सुरू झाले, आणि महिन्याभरात तिचा चेहरा गोल झाला. कॉलेजात कोणी तरी 'पाव' म्हटले. ते ती हसून सांगायची, पण आरशावर तिने टॉवेल टाकला होता.

म्हणून मला 'चमत्कार' या शब्दाची धास्ती वाटते. १९४८च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी माझाच आजार असलेल्या एका अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिझोन टोचले. काही दिवसांत ती उठून बाजारात खरेदीला गेली. दोन वर्षांत नोबेल. सांधे दुखणाऱ्या साऱ्या जगाला वाटले, संपले. पुढे गोल चेहरे आले, ठिसूळ हाडे आली, साखर वाढली. औषध खोटे नव्हते, सईची किडनी त्यानेच वाचवली. पण पहिल्या दिवसाच्या टाळ्या आणि दहाव्या वर्षाचा आरसा यांत अंतर असते. व्हॉट्सॲपवर रोज येणारे 'ल्युपस मुळापासून बरा' वाले संदेश मी न वाचता पुसते. गवती चहा, कडुनिंब, कुठलासा क्षार. पाठवणारी माणसे मायेचीच असतात, म्हणून रागावताही येत नाही.

एक प्रसंग राहिलाच. २०२०चा मार्च. सईच्या रोजच्या औषधांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असते. मूळ मलेरियाचे औषध. दुसऱ्या महायुद्धात मलेरियाच्या अशाच गोळ्या घेणाऱ्या सैनिकांचे पुरळ आणि सांधे बरे होताना दिसले, आणि १९५१मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने ल्युपससाठी त्या कुळातले औषध वापरून पाहिल्याचे छापले, अशी त्याची वाट. कोविड आला आणि रातोरात ही गोळी जगभर गाजली. इकडे गोव्यात कर्फ्यू वाढलेला, दूध-भाजी मिळायची मारामार, आणि एकाही फार्मसीत सईची गोळी नाही. माझा नवरा स्कूटरवरून पोलिसांना चिठ्ठी दाखवत म्हापशापर्यंत जाऊन आला आणि दोन पाकिटे घेऊन आला. कोविडवर त्या गोळीचा उपयोग नाही हे पुढे चाचण्यांतून सिद्ध झाले. तोपर्यंत ज्यांना तिचा उपयोग होता त्यांनी काय केले, याची नोंद कुठे झाली का, देव जाणे.

गेल्या वर्षीची कोजागरी सोमवारी आली, ६ ऑक्टोबर २०२५. माझा गोळीचा दिवस. दुपारी तीनच्या सुमाराला सईचा संदेश आला: "मावशी, नोबेल आपल्याला मिळाले."

आपल्याला! जपानचे शिमोन साकागुची, अमेरिकेच्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल. शरीरातल्या ज्या पेशी राखणदाराला आवर घालतात, त्यांच्या शोधासाठी. बातमीतल्या गमती आधी वाचल्या. ब्रंकोबाईंनी स्वीडनचा नंबर पाहून फोन घेतलाच नाही, त्यांना वाटले कोणी तरी फसवणारा. रॅम्सडेल डोंगरात फिरत होते आणि फोन बंद. मला हे फार आवडले. इतकी वर्षे ज्यांची वाट पाहिली ती माणसे आपल्यासारखीच अनोळखी नंबर कापतात.

मग खरे काम वाचले. साकागुचींच्या आधीपासून माहीत होते की जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी काढली तर त्याची फौज त्याच्याच अवयवांवर धावते. त्यांनी विचार केला, म्हणजे त्या ग्रंथीतून आवरणारेही कोणी बाहेर पडत असणार. निरोगी उंदरांच्या टी-पेशी, म्हणजे या फौजेतल्याच पेशी, दिल्यावर पिल्ले वाचली. त्या काळात अशा 'आवरणाऱ्या' पेशींची कल्पना विज्ञानात बदनाम झाली होती, तिच्या मागे लागणे म्हणजे करिअर बुडवणे. हा माणूस लागून राहिला आणि १९९५ साली त्याने त्या पेशी ओळखून दाखवल्या. ब्रंको आणि रॅम्सडेल दुसऱ्या टोकाने आले. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत खवल्यांच्या कातडीचे, काही आठवड्यांत मरणारे नर उंदीर आपोआप जन्मले होते. कोणते जनुक बिघडले ते त्यांना शोधायचे होते. संशयितांची यादी वीस जनुकांपर्यंत आणली. एकेक तपासत गेले. एकोणीस निर्दोष. विसावे, शेवटचे, तेच निघाले. फॉक्सपी३. साल २००१. मुलग्यांना होणाऱ्या एका दुर्मिळ, भयंकर आजाराचे मूळही त्याच जनुकात सापडले.

संध्याकाळी अंगणात दूध आटत होते. सासूबाई आता पंच्याऐंशीच्या, खुर्चीत बसून ढवळतात. मी सांगितले की राखणदाराला 'हा आपला, याला सोड' असे सांगणारे कोणी तरी शरीरातच असतात, ते सापडले म्हणून हे बक्षीस. त्यांना जराही नवल वाटले नाही. "गाराणें घालपी नासतना राखणदार कसो आसतलो?" म्हणाल्या. खरेच, आमच्या गावात राखणदाराशी परस्पर कोणी बोलत नाही. नारळ ठेवून गाऱ्हाणे घालणारा वेगळा, त्याचे शब्द ठरलेले, ते त्याच्या बापाने त्याला शिकवलेले. पाश्चात्त्यांना जे उमगायला शंभर वर्षे गेली ते आमच्या वेशीवर होते, असले काही मी मुळीच म्हणणार नाही. त्या जातीचा अभिमान मला नको. सासूबाईंच्या राखणदाराने माझे एकही बोट सरळ केलेले नाही. पण उपमा म्हणून त्याला तोड नाही.

मग त्यांनी विचारले, "वखद आयलें?"

"ना, आई."

त्या पुन्हा दूध ढवळू लागल्या.

औषध आलेले नाही. या आवरणाऱ्या पेशी वाढवून शरीरात परत सोडायच्या, किंवा इंटरल्युकिन-२ नावाचे द्रव्य लहान मात्रेत देऊन आहेत त्यांनाच बळ द्यायचे, असे प्रयत्न माणसांवर चालू आहेत. शिकागोच्या संशोधकांनी २०२३मध्ये उंदरांत एक 'उलटी लस' करून दाखवली, जी फौजेला लढायला शिकवत नाही, विसरायला शिकवते. उंदरांत. हा शब्द मी सईला नेहमी दोनदा म्हणून दाखवते. टाइप-१ मधुमेहात मात्र एक पाऊल प्रत्यक्ष पडले. टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२२ साली परवानगी मिळाली, धोक्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांत ते आजार सुमारे दोन वर्षे लांबवते. दोनच वर्षे, असे म्हणणाऱ्याने आठ वर्षांच्या मुलाला रोज चार सुया टोचून पाहाव्यात.

सईचे लक्ष मात्र एरलांगेनवर आहे. जर्मनीतल्या या गावात २०२१ साली ल्युपसने खंगलेल्या वीस वर्षांच्या एका मुलीवर, कर्करोगासाठी वापरतात ती कार-टी पद्धत वापरली. तिच्याच टी-पेशी काढल्या, बी-पेशी हुडकून मारायला शिकवल्या आणि परत सोडल्या. चुकीची प्रतिपिंडे बनवणाऱ्या साऱ्या बी-पेशी गेल्या. काही महिन्यांनी नव्या आल्या त्या कोऱ्या पाटीसारख्या. सईही तेव्हा वीसच वर्षांची होती. २०२४च्या फेब्रुवारीत गेओर्ग शेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा रुग्णांची हकिगत छापली, त्यातले आठ ल्युपसचे. आठही जणांचा आजार शांत, आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद.

"औषधे बंद, मावशी." हे वाक्य ती कुजबुजल्यासारखे म्हणाली, जणू मोठ्याने म्हटले तर मोडेल.

मी तिला जे आहे ते सगळे सांगितले. आधी केमो द्यावी लागते. नंतर तापाचे वादळ उठू शकते. पंधरा म्हणजे पंधराच. अजून दहावे वर्ष कोणी पाहिलेले नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे गो. तू मेथोट्रेक्झेटचा कागद वाचून झोपली नव्हतीस, मी सगळे कागद वाचूनच झोपते." मुली आपल्यापेक्षा शहाण्या होतात ते कधी होतात ते कळत नाही.

पैशांचे तिने विचारले नाही, मी मनात केले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या देशी कार-टीला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली, पण रक्ताच्या कर्करोगासाठी. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. मोठीच गोष्ट. आमच्या कपाटातले गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचे कार्ड मात्र मोठ्या कुटुंबालाही वर्षाला चार लाखांपर्यंतच. पेशी बाहेर न काढता, शरीरातल्या शरीरातच त्यांना शिकवण्याच्या चाचण्या आता सुरू झाल्या आहेत, त्या जमल्या तर किंमत खाली येईल असे म्हणतात. टीएनएफच्या इंजेक्शनाचेही असेच झाले. अडालिमुमॅबचे देशी रूप २०१४च्या अखेरीस आले नसते तर माझे हात आजही नऊ वाजता उठले असते. म्हणून माझी आशा थोडी हिशेबी आहे. एरलांगेनहून डिचोलीला यायला किती वर्षे, ते मी मोजते. १९९२पासून माझ्या फ्रीजपर्यंत यायला एका सुईला चोवीस वर्षे लागली होती. या वेळी, २०२१पासून, बारा लागली तर सई बत्तीसची असेल.

नोव्हेंबरात तिची फेरतपासणी झाली. लघवी स्वच्छ, रक्त ठीक. डॉक्टरांनी स्टिरॉइड पाच मिलिग्रॅमवरून अडीचवर आणले. संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गोळी ठेवून विळीजवळची छोटी सुरी घेतली. गोळीच्या मधोमध रेघ असते, तरी ती तुटायची तशीच तुटली, एक तुकडा मोठा, एक लहान.

"कुठला घेऊ?"

सासूबाईंनी आतून विचारले काय झाले म्हणून. सईने सांगितले.

"व्हडलो आयज घे," त्या म्हणाल्या. "ल्हान फाल्यां."